बंदीच्या दिवसांतली गणितं : शक्यता मोजायची कशी?



१ जून ते ३१ जुलै, एकसष्ट दिवस बोटी किनाऱ्याला. इंजिनं उघडून ठेवलीत, जाळी सांधायला घेतलीत, आणि संध्याकाळी घरातली माणसं घरात आहेत. एरवी वर्षभरात हे फारसं घडत नाही. घरात दहावीचं पोर असेल तर त्याच्या गणितात 'संभाव्यता' नावाचं प्रकरण असतं. त्यात नाणी उडवतात, फासे टाकतात, पत्ते पिसतात. पोर सूत्र पाठ करतं आणि बाप विचारतो, याचा आपल्या धंद्याला उपयोग काय?

आमचं मत उलटं आहे. दर्यावर जाणारा माणूस रोज पहाटे संभाव्यतेचंच गणित करतो, फक्त कागदावर करत नाही. आज जायचं की नाही, त्याच जागी जाळं टाकायचं की जागा बदलायची, इंजिनाचं काम आत्ता करायचं की दिवाळीनंतर, हे सगळे शक्यतेचेच प्रश्न. मनातल्या मनात केलेलं हे गणित काही ठरावीक ठिकाणी हमखास चुकतं. ती ठिकाणं कुठली, ते सरावाच्या उदाहरणांतून बघूया.

एक गोष्ट आधीच सांगतो. गणितांतले आकडे सरावासाठी धरलेले आहेत. मालीम, शापोरा, कुटबण किंवा दुसऱ्या कुठल्या जेट्टीची ती नोंद नव्हे. रीत कळली की आपापल्या वहीतले खरे आकडे घालून गणित पुन्हा करा. मोबाइलचा कॅल्क्युलेटर जवळ असला की पुरे.

क्रेटमधले बांगडे

सगळ्यात सोप्यापासून सुरुवात. सारख्याच शक्यतेच्या जितक्या गोष्टी घडू शकतात, त्यांपैकी आपल्याला हव्या तितक्या किती, हा अपूर्णांक म्हणजे संभाव्यता. ती ० ते १ मध्येच असते. ० म्हणजे घडणारच नाही, १ म्हणजे घडणारच.

क्रेटमध्ये ५० बांगडे आहेत. त्यांतले ५ मऊ पडलेत, ४५ ताजे. व्यापारी न बघता हात घालून ३ मासे उचलतो. तिन्ही ताजे निघण्याची शक्यता किती?

पहिला ताजा निघण्याची शक्यता ४५/५०. तो बाहेर काढला की उरले ४९, त्यांत ताजे ४४. म्हणून दुसऱ्याची ४४/४९. तिसऱ्याची ४३/४८. तिन्ही एकामागोमाग घडायला हवेत म्हणून गुणाकार:

४५/५० × ४४/४९ × ४३/४८ = ०.७२ (जवळपास)

म्हणजे दहा टक्के माल मऊ असूनही १०० पैकी ७२ वेळा व्यापाऱ्याला काहीच कळणार नाही. तीन मासे बघून 'माल बघितला' म्हणणं म्हणजे नुसती समजूत. हेच गणित आपण बाहेरून आमिषाची मासळी विकत घेतो तेव्हा आपल्यालाही लागू आहे.

यातला 'न बघता' हा शब्द महत्त्वाचा. प्रत्येक मासा हाताला लागण्याची शक्यता सारखी असेल तरच हे उत्तर खरं. वरच्या थरात चांगला माल लावला असेल आणि व्यापारी वरचेच तीन उचलत असेल, तर हे गणित तिथे चालत नाही. क्रेट कसा भरतात ते आम्ही इथे लिहीत बसत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे.

दोनशेत एक म्हणजे किती?

आता खरा विषय. एका ट्रॉलरचं इंजिन एका फेरीत वाटेत बंद पडण्याची शक्यता १/२०० धरूया. हंगामात फेऱ्या १००. हंगामभरात निदान एकदा तरी इंजिन बंद पडण्याची शक्यता किती?

जेट्टीवर विचारलं तर बहुतेक जण म्हणतील, दोनशेत एक म्हणजे काहीच नाही. शाळेत जाणारं पोर म्हणेल, १०० गुणिले १/२०० म्हणजे अर्धी. दोन्ही उत्तरं चुकीची. पोराच्या रीतीने २०० फेऱ्यांना उत्तर १ येईल, म्हणजे इंजिन बंद पडणारच अशी खात्री. ३०० फेऱ्यांना दीड येईल. संभाव्यता १ च्या वर जात नाही, तेव्हा रीतीतच गडबड आहे.

'निदान एकदा तरी' असे शब्द आले की उलट बाजूने जायचं. एकदाही बंद पडणार नाही याची शक्यता आधी काढा. एका फेरीत बंद न पडण्याची शक्यता १९९/२००, म्हणजे ०.९९५. शंभर फेऱ्यांत एकदाही नाही, म्हणजे ०.९९५ ला स्वतःनेच शंभरदा गुणायचं. उत्तर ०.६०६. ते १ मधून वजा केलं की ०.३९४.

शेकडा ३९. दर फेरीला 'काहीच नाही' वाटणारा धोका हंगामाच्या शेवटी पाचात दोनच्या घरात जातो. या चुकीत कित्येक जण अडकतात, कारण माणूस फेरीचा विचार करतो आणि धोका मात्र हंगामभर साचत असतो. काल काही झालं नाही, परवा झालं नाही, म्हणून आजही होणार नाही, असं म्हणत शंभर फेऱ्या होतात.

मग पोराचं अर्धं कुठे गेलं? तेही फुकट नाही. अशाच १०० बोटींनी १०० फेऱ्या केल्या तर एकूण ५० वेळा कुठलं तरी इंजिन बंद पडेल, ही सरासरी बरोबर आहे. पण काही बोटींचं दोनदा पडेल, एखादीचं तीनदा. म्हणून एकदा तरी बंद पडलेल्या बोटी ५० नव्हे, ३९ च्या आसपास भरतील. 'सरासरी किती वेळा' आणि 'एकदा तरी होण्याची शक्यता' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. परीक्षेत मार्क जातात ते इथेच.

हेच गणित पुढे नेऊया. एकमेकांजवळ काम करणाऱ्या १० बोटी आहेत. दहापैकी निदान एकीचं इंजिन हंगामात बंद पडण्याची शक्यता? एकीचंही न पडण्याची शक्यता ०.६०६ चा दहावा घात, म्हणजे ०.००७ च्या आत. वजा केलं की शेकडा ९९ हून जास्त. म्हणजे दहांच्या गटात कुणाला तरी ओढून आणायची वेळ येणार, हे जवळजवळ ठरलेलं. ओढायचा दोर 'लागला तर' म्हणून ठेवायचा नसतो, तो लागणारच आहे. फक्त कुणाला, ते ठाऊक नाही.

आणखी एक. बंदीत इंजिनाचं काम नीट केलं आणि फेरीमागची शक्यता १/२०० वरून १/५०० झाली असं धरा. ऐकायला फरक फारसा वाटत नाही. हंगामाचं गणित करा: ०.९९८ चा शंभरावा घात ०.८१९, वजा केलं की ०.१८१. ३९ वरून १८. मेकॅनिकचं बिल समोर येईल तेव्हा या दोन आकड्यांशी ताडून बघा.

एकाच बॅटरीवरची दोन साधनं

किनाऱ्याजवळ मासेमारी करणारी एक बोट. मदत मागायला दोन साधनं: वायरलेस आणि मोबाइल. गरजेच्या वेळी वायरलेस न चालण्याची शक्यता १/२० आणि मोबाइल न लागण्याची १/१०. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता किती?

पुस्तकी उत्तर: १/२० × १/१० = १/२००. मालक खूश. दोनशेत एकदाच आपण मुके होणार.

पण हा गुणाकार करण्याआधी एक अट तपासावी लागते. दोन्ही घटना 'स्वतंत्र' हव्यात. म्हणजे एक बिघडली म्हणून दुसरी बिघडण्याची शक्यता वाढता कामा नये. आपल्या बोटीवर वायरलेस कशावर चालतो? बोटीच्या बॅटरीवर. मोबाइल चार्ज कशावर होतो? त्याच बॅटरीवर. केबिनमध्ये पाणी शिरलं, वायरिंग जळालं किंवा बॅटरीच उतरली तर दोन्ही एकदम जातील.

बॅटरीची बाजू गणितात घेऊया. गरजेच्या वेळी बॅटरीच गेलेली असण्याची शक्यता १/२५ धरा. तेव्हा दोन्ही साधनं बंद, आणि चार्ज संपलेला मोबाइलही त्यात आला. बॅटरी ठीक असेल त्या २४/२५ वेळी साधनं आपापल्या कारणाने वरच्या हिशेबानेच बिघडतील. मग:

१/२५ + (२४/२५ × १/२००) = ०.०४ + ०.००४८ = ०.०४४८

म्हणजे साधारण बावीसात एकदा. कागदावर दोनशेत एक होतं, प्रत्यक्षात बावीसात एक, नऊपट. साधनं दोनच आणि दोन्ही चांगली असली तरी दोन्ही एकाच खुंटीला बांधलेली आहेत. तिसरं साधन त्याच बॅटरीवर लावलं तरी १/२५ च्या खाली तुम्ही जाणार नाही, आकडे घालून बघा. उलट पाणी न लागणाऱ्या पिशवीत चार्ज केलेली साधी पॉवर बँक ठेवली, तर मोबाइल त्या बॅटरीपासून सुटतो.

स्वतंत्र नसलेल्या गोष्टींचा गुणाकार, ही या विषयातली सगळ्यात महागडी चूक. 'दोन-दोन माणसं पहाऱ्याला आहेत, दोघंही झोपतील असं कसं होईल?' दोघंही आदल्या रात्रीपासून जागी असतील तर दोघंही झोपतील. 'जॅकेटं आठ आहेत.' आठही एकाच कुलुपात असतील तर ती एकच वस्तू समजा.

इशारा खोटा निघाला, पुढे काय?

हवामान खात्याचा इशारा आला, बोटी थांबल्या, दिवसभर ऊन पडलं आणि वारासुद्धा सुटला नाही, हे सगळ्यांनी अनुभवलंय. दोन-तीनदा असं झालं की जेट्टीवर बोललं जातं, यांचं काही खरं नसतं. ही तक्रार गणिताने तपासूया.

हंगामातले १०० दिवस घ्या. त्यांत १० दिवस समुद्र खरोखर बिघडला, ९० दिवस ठीक होता. बिघडलेल्या १० दिवसांपैकी ८ दिवशी आधी इशारा होता, २ दिवशी नव्हता. ठीक असलेल्या ९० दिवसांपैकी १२ दिवशी उगाच इशारा आला, ७८ दिवशी आला नाही.

आता इशाऱ्याचे एकूण दिवस ८ + १२ = २०. त्यांत खरे ८. म्हणजे इशारा आला असताना समुद्र बिघडण्याची शक्यता ८/२०, शेकडा ४०. तक्रार खरी आहे: वीसपैकी बारा इशारे फुकट गेले.

पण दुसरी बाजू बघा. इशारा नव्हता असे दिवस ८०. त्यांत बिघडलेले २. शक्यता २/८०, शेकडा अडीच. अडीच कुठे आणि चाळीस कुठे. इशाऱ्याच्या दिवशी धोका सोळापट आहे. 'निम्म्याहून जास्त इशारे खोटे' आणि 'इशाऱ्याच्या दिवशी धोका सोळापट' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असतात. एक बोलणारा दुसऱ्याला खोटं ठरवत असतो आणि दोघंही बरोबर असतात.

याला पुस्तकात सशर्त संभाव्यता म्हणतात. त्यात एक सापळा आहे. 'समुद्र बिघडला असता इशारा होता' याची शक्यता ८/१०, शेकडा ८०. 'इशारा होता तेव्हा समुद्र बिघडला' याची शेकडा ४०. वाक्यं जुळी वाटतात, आकडे वेगळे. खातं त्यांच्या यशाबद्दल बोलताना पहिला आकडा सांगेल, जेट्टीवरचा माणूस दुसरा सांगेल. कुणी टक्केवारी सांगितली की आधी विचारा, कशापैकी टक्के? अशा उलटसुलट शक्यतांचं सूत्र थॉमस बेझ या इंग्रज पाद्र्याच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला. सूत्र दिसायला किचकट आहे. पोरांनी परीक्षेपुरतं पाठ करावं, पण समजून घ्यायला आपली १०० दिवसांची रीतच चांगली.

'इशारा नाही आणि समुद्र बिघडला' हे जे २ दिवस आहेत, ते कागदावर लहान दिसतात. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर ओखी वादळ उठलं तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या कितीतरी बोटी आधीच खोल समुद्रात होत्या. इशारा निघाला तोवर त्यांतल्या अनेकांपर्यंत तो पोहोचणंच शक्य नव्हतं. भरकटलेल्या काही बोटी पुढे आपल्या कोकण किनाऱ्यावर आसऱ्याला आल्या. खात्याने इशारा दिला की नाही आणि तो आपल्या बोटीवर ऐकू आला की नाही, या दोन वेगळ्या घटना आहेत. दुसरी मघाच्या बॅटरीवर अवलंबून आहे.

थांबलो तर किती गेले?

'शक्यता चाळीस टक्के, म्हणजे साठ टक्के काही होणार नाही. मग जातो की!' असं म्हणणारा माणूस अर्धंच गणित करतोय. शक्यतेला रकमेने गुणल्याशिवाय निर्णयाचं गणित पूर्ण होत नाही.

चांगल्या दिवशी फेरीत खर्च वजा जाता १५,००० रुपये सुटतात असं धरा. समुद्र बिघडलेल्या दिवशी सापडलो तर जाळं, दुरुस्ती, वाया गेलेलं डिझेल-बर्फ आणि बुडालेले दिवस मिळून सरासरी १,५०,००० चं नुकसान. घरी थांबलो तर शून्य.

इशाऱ्याच्या दिवशी गेलो तर: ०.६ × १५,००० = ९,००० मिळकत, आणि ०.४ × १,५०,००० = ६०,००० नुकसान. सरासरी ५१,००० चा तोटा.

इशारा नसलेल्या दिवशी: ०.९७५ × १५,००० = १४,६२५, वजा ०.०२५ × १,५०,००० = ३,७५०. सरासरी १०,८७५ चा फायदा.

आता खरी गंमत. इशारे किती खोटे असले तरी थांबणं परवडतं? समजा ११ इशाऱ्यांपैकी १० खोटे. अकराही वेळा गेलात, तर दहा वेळा १५,००० मिळून दीड लाख मिळवाल आणि अकराव्या वेळी दीड लाख घालवाल. हिशेब शून्य. म्हणजे आपल्या आकड्यांत अकरापैकी दहा इशारे फुकट गेले तरी न थांबणाऱ्याला एक रुपयाही जास्त मिळत नाही. वीसात बारा खोटे असताना तर प्रश्नच नाही.

या दीड लाखात माणूस धरलेला नाही. खलाशाच्या जिवाची रक्कम घालून हे गणित आम्ही सोडवणार नाही, तुम्हीही सोडवू नका. नुसत्या जाळ्या-डिझेलावरच उत्तर आलेलं आहे.

ज्याच्या बोटीवर कर्जाचा हप्ता आहे त्याला शून्य कमाईचा दिवसही जड जातो, हे खरं. पण त्याच माणसाला दीड लाखाचा फटका सगळ्यात कमी झेपतो, हेही तितकंच खरं.

चार फेऱ्या कोरड्या, पाचवी भरून येणार?

'चार वेळा रिकामे आलो, आता दर्या देणारच.' हे वाक्य कुठल्याही जेट्टीवर ऐकू येतं.

नाण्याचं उदाहरण घेऊ. काटा-छाप निम्मी-निम्मी शक्यता. लागोपाठ पाच काटे पडण्याची शक्यता १/३२. पण चार पडून गेलेत, आता पाचवा? पुन्हा १/२. नाण्याला आधीचं काही आठवत नाही. आधीचे चार काटे पाचव्या छापेचं कर्ज देणं लागत नाहीत.

पुस्तकं इथे थांबतात. आपल्याला पुढे जावं लागतं, कारण मासळी नाणं नव्हे. त्याच जागी चार वेळा जाळं कोरडं आलं, तर त्यातून काहीतरी कळतं: इथे थवा नसावा.

गणित असं. एखादी जागा चांगली किंवा हलकी असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. चांगल्या जागी फेरी भरण्याची शक्यता ३/५, हलक्या जागी १/५. त्या जागी दोन फेऱ्या कोरड्या गेल्या. ती जागा चांगली असण्याची शक्यता आता किती?

अशा १०० जागा कल्पा, ५० चांगल्या, ५० हलक्या. चांगल्या जागी दोन्ही फेऱ्या कोरड्या: २/५ × २/५ = ४/२५, म्हणजे ५० पैकी ८. हलक्या जागी: ४/५ × ४/५ = १६/२५, म्हणजे ५० पैकी ३२. दोन्ही मिळून ४० जागी कोरडं गेलं, त्यांत चांगल्या फक्त ८. शक्यता १/२ वरून १/५ वर आली.

तिसरी फेरी भरण्याची शक्यता? सुरुवातीला ती शेकडा ४० होती (निम्म्या जागा ३/५, निम्म्या १/५). आता १/५ × ३/५ + ४/५ × १/५ = ०.१२ + ०.१६ = ०.२८. वाढायची सोडून ती घटली. 'आता देणारच' म्हणणारा नेमका उलट दिशेने चाललाय.

जागा निवडायला हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मासळीच्या संभाव्य जागांची सूचना येते. उपग्रहाने मोजलेलं पाण्याच्या पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून ती काढतात. तिच्या नावातच 'संभाव्य' आहे. तिथे गेलात म्हणजे मासळी मिळालीच असं नव्हे, मिळण्याची शक्यता बदलते. सूचना पाळून केलेल्या फेऱ्या आणि न पाळता केलेल्या फेऱ्या वहीत वेगळ्या लिहा. हंगामाच्या शेवटी किती फायदा झाला ते तुमचीच वही सांगेल.

चिठ्ठी आधी उचलावी की शेवटी?

हे भांडण जुनं आहे म्हणून चार ओळी. जागेसाठी किंवा पाळीसाठी पाच चिठ्ठ्या टाकल्या, एकीवर खूण. पहिल्या माणसाला खुणेची मिळण्याची शक्यता १/५. दुसऱ्याला? पहिल्याला न मिळण्याची ४/५ आणि उरलेल्या चारांतून मिळण्याची १/४, गुणाकार १/५. शेवटच्यापर्यंत १/५ च येतं. कुणीही आधी उचलावी. चिठ्ठ्या मात्र सारख्या घडीच्या हव्यात.

विमा आणि आपला निधी

बोट २० लाखांची. वर्षात पूर्ण बुडण्याची शक्यता १/५०० धरा. सरासरी नुकसान २०,००,००० ÷ ५०० = ४,००० रुपये वर्षाला. विमा कंपनी हप्ता याहून जास्त घेणार, तिचा खर्च आणि नफा त्यात आला. मग हा तोट्याचा सौदा नाही का?

सरासरीने बघितलं तर तोट्याचाच. पण एका बोटवाल्याला सरासरी कधी भेटत नाही. त्याचं एक तर काहीच जात नाही, नाही तर वीसच्या वीस लाख जातात. सरासरी भेटते ती हजारो बोटी एकत्र धरणाऱ्याला. लंडनच्या एडवर्ड लॉइडच्या कॉफीच्या दुकानात सतराव्या शतकाच्या शेवटी जहाजवाले आणि पैसेवाले जमायचे, त्यातूनच जहाजाच्या विम्याचा मोठा बाजार उभा राहिला.

'मग संस्थेनेच ५०० बोटींकडून चार-चार हजार घेऊन निधी काढावा' असं काही सभासद सुचवतात. गणित करून बघा. वर्षाला २० लाख जमतील, एका बोटीचे. ५०० बोटींत एकही न बुडण्याची शक्यता ०.३७. नेमकी एक बुडण्याची ०.३७. म्हणजे दोन किंवा जास्त बुडण्याची ०.२६. साधारण दर चार वर्षांत एकदा निधी कमी पडेल. आणि वादळ आलं तर बोटी एकट्या-एकट्या बुडत नाहीत, मग 'स्वतंत्र घटना' ही अट मोडते आणि ०.२६ हा आकडाही कमीच ठरतो. निधी काढू नये असं आमचं म्हणणं नाही. फक्त चार हजारांत भागेल असं कुणी समजू नये.

घरी सोडवा

१. वरच्या ५० बांगड्यांच्या क्रेटमधला निदान एक मऊ मासा सापडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त हवी असेल, तर न बघता किती मासे उचलावे लागतील?

२. बोटीवर ८ लाइफ जॅकेटं आहेत, त्यांतल्या २ चे पट्टे तुटलेत. अंधारात ४ खलाशी एकेक उचलतात. चौघांनाही चांगलं मिळण्याची शक्यता किती?

३. जुने झालेले ३ सिग्नलचे बार आहेत. प्रत्येक न पेटण्याची शक्यता १/५. तिन्ही न पेटण्याची शक्यता १/१२५ म्हणावी का? तिन्ही एकाच ओल्या पेटीत आहेत.

४. खात्याने ठरवलं की खोटे इशारे कमी करायचे. आता १०० दिवसांत फक्त १० इशारे, त्यांतले ६ खरे. बिघडलेले दिवस तेच १०. सगळे इशारे पाळणाऱ्या बोटवाल्याचा फायदा वाढला की कमी झाला? चांगल्या दिवशी १५,००० आणि बिघडलेल्या दिवशी १,५०,००० हेच आकडे धरा.

उत्तरं

१. ७ मासे. सहा उचलले तर काहीच न सापडण्याची शक्यता ०.५१ राहते, सात उचलले की ०.४५.

२. ६/८ × ५/७ × ४/६ × ३/५ = ३/१४, म्हणजे शेकडा २१. उरलेल्या ७९ वेळा कुणाच्या तरी अंगावर तुटक्या पट्ट्याचं जॅकेट असेल.

३. म्हणू नये. ओलीने एक निकामी झाला तर बाकीचे दोनही त्याच ओलीत होते. १/१२५ हा आकडा तीन वेगवेगळ्या कोरड्या जागी ठेवलेल्या बारांचा आहे. ओल्या पेटीतला खरा आकडा १/५ च्या जवळही जाऊ शकतो.

४. कमी झाला. आधी २० दिवस थांबून ८० दिवस जायचो: ७८ चांगले दिवस म्हणजे ११,७०,०००, वजा २ बिघडलेल्या दिवसांचे ३,००,०००, हाती ८,७०,०००. आता १० दिवस थांबून ९० दिवस जातो: ८६ चांगले दिवस म्हणजे १२,९०,०००, वजा ४ बिघडलेल्या दिवसांचे ६,००,०००, हाती ६,९०,०००. इशारे शेकडा ४० ऐवजी ६० खरे ठरले, खात्याला कुणी नावं ठेवली नाहीत, आणि बोटवाल्याचे १,८०,००० गेले. कुठलाच इशारा न पाळता शंभरही दिवस जाणाऱ्याचा हिशेबही याच रीतीने करा: १३,५०,००० मधून १५,००,००० वजा, म्हणजे वर्षाअखेरीस दीड लाख अंगावर.